थंडीचा छापखाना

आमच्या परभणीत 'जिलेटिन' म्हटलं की ऐकणारा आधी दचकतो. इथे जिलेटिन म्हणजे कांडी. विहीर खोदताना खाली काळा पाषाण लागला की भोकं पाडून त्यात ठासतात ती. पेपरात 'जिलेटिनच्या कांड्या जप्त' म्हणून बातमी येते ती. शाळेच्या गॅदरिंगला नाटकात काम केलेल्यांना दुसरं जिलेटिन माहीत असतं, लाइटवर लावायचा लाल-निळा चुरचुरणारा कागद. गंमत म्हणजे या दोन्हींत आज जिलेटिन नसतं. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज मिसळून स्फोटक तयार केलं. ते जेलीसारखं थलथलीत दिसलं म्हणून 'ब्लास्टिंग जिलेटिन' झालं आणि ते नाव कांडीला कायमचं चिकटलं. नाटकाच्या दिव्यांवर एकेकाळी खरोखरच रंगवलेल्या जिलेटिनचे पापुद्रे लावत; आता प्लास्टिक असतं. आणि जिथे खरं जिलेटिन असतं, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलचं टरफल, त्याला जिलेटिन कुणी म्हणत नाही.

मी लिहितेय ते चौथ्या जिलेटिनबद्दल. चित्रं छापायच्या जिलेटिनबद्दल. गेली दोन-तीन वर्षं तुमच्या फोनवरही ते येऊन गेलं असेल: एक हात रोलरने रंग पसरतो, वर पान ठेवतो, कागद दाबतो, आणि मग तो कागद सावकाश, फार सावकाश, सोलून काढतो. खाली गाणं वाजत असतं. कागद उलटा झाला की पानाच्या शिरा न् शिरा उमटलेल्या. लाइक.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, कंपनी पुण्यात, मी घरून. त्या रीलमधल्या गोष्टीबद्दल इतकं गंभीरपणे का लिहायचं, असा प्रश्न पडू शकतो. त्याचं कारण त्या रीलखाली हमखास येणारं एक वाक्य आहे: प्रेस लागत नाही, कुणीही, कुठेही करू शकतं. यातलं 'प्रेस लागत नाही' खरं आहे. 'कुणीही' बऱ्यापैकी खरं आहे. 'कुठेही' हा शब्द मात्र मला परभणीतून तपासून पाहायचा आहे.

आधी ही प्लेट काम कशी करते ते बघू. ट्रेमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा जिलेटिनचा थर गोठवायचा. त्यावर रंगाचा अगदी पातळ हात. त्यावर पान, दोरा, कापलेला कागद, काहीही सपाट. वर कागद, आणि तळव्याचा दाब. नेहमीच्या छपाईत दाब वरून येतो. एचिंगच्या प्रेसचा लोखंडी रूळ कागदाला धातूच्या चरांत अक्षरशः कोंबतो. इथे उलटं घडतं. आपण हलकंच दाबतो आणि खालची प्लेट लवते, पानाच्या प्रत्येक उंचवट्याला जागा देते आणि बाजूने वर येऊन कागदाला भिडते. म्हणून एका तळहाताच्या जोरावर एवढे बारकावे मिळतात. पहिल्या छापात पानाभोवतीचा रंग कागदावर जातो आणि पानाची जागा कोरी राहते. मग पान उचलायचं. त्याच्याखाली अडकलेला रंग प्लेटवर तसाच असतो, फक्त जिथे शिरा टेकल्या होत्या तिथला पानाने उचलून नेलेला. त्यावर दुसरा कागद टेकवला की खरं पान येतं. इंग्रजीत याला भुताचा ठसा म्हणतात. मी उरला ठसा म्हणते. माझ्या मते या माध्यमातली जवळजवळ सगळी चांगली चित्रं या उरल्या ठशात असतात.

ज्याला छापाचित्रं करायची आहेत त्याला एरवी मुंबईचं जे.जे., बडोदा किंवा दिल्लीतला ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ गाठावा लागतो. सेलू-मानवतच्या माणसाला हे म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसने किमान एक रात्र, आणि तिथे प्रवेश मिळाला तर. अशा ठिकाणी घरातल्या ट्रेमध्ये बसणारा छापखाना ही मामुली गोष्ट नाही. म्हणूनच त्याची जाहिरात तपासावी लागते.

जिलेटिनचा कडकपणा 'ब्लूम' या एककात मोजतात. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने १९२५ मध्ये त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ६.६७ टक्क्यांचं द्रावण करायचं, सुमारे सतरा तास गार ठेवायचं, आणि अर्ध्या इंचाची दांडी त्यात चार मिलिमीटर रुतवायला किती वजन लागतं ते बघायचं. गार म्हणजे किती गार? १० अंश सेल्सिअस. पाकिटावर २२५ ब्लूम लिहिलेलं असतं, ते १० अंशावरचं बळ. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा तो आकडा आपल्या गच्चीवर खरा ठरतो. मे महिन्यात इथे ४२-४४ अंश ही बातमी नसते. आणि जिलेटिन ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान पुन्हा पातळ होतं. तोंडात टाकल्यावर ते विरघळतं याचं कारण हेच. म्हणजे उन्हाळ्यात परभणीची आख्खी खोली तोंडापेक्षा गरम असते.

तेव्हा प्रेस लागत नाही हे अर्धसत्य आहे. प्रेस लागतोच, तो थंडीचा असतो. परदेशातल्या स्वयंपाकघरात तो भिंतींतच बसवलेला आहे, म्हणून त्यांना दिसत नाही. आपल्याकडे तो फ्रिजच्या रूपात विकत घ्यावा लागतो, विजेच्या बिलात मोजावा लागतो आणि लाइट गेली की बंद पडतो. आमच्या क्षेत्रात एक विनोद आहे, 'माझ्या मशीनवर तर चालतं.' बहुतेक जिलेटिन प्लेटच्या पाककृती या माझ्या-मशीनवर-चालतं प्रकारच्या असतात.

*

पाककृतीतल्या काही पायऱ्यांवर थांबायला हवं, कारण रीलमध्ये नेमक्या त्याच कापलेल्या असतात.

अर्धा लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम जिलेटिन. आधी थोड्या गार पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं, दाणे फुगून ओल्या साबुदाण्यासारखे होतात. ही पायरी गाळली तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. मग उरलेलं गरम पाणी घालून विरघळवायचं. उकळायचं नाही. उकळीने जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि प्लेट लेचीपेची होते. ढवळायचं तेही हळू, ताक घुसळल्यासारखं नाही, कारण प्रत्येक बुडबुडा छापात पांढरा ठिपका होऊन येतो. सुती फडक्यातून गाळून सपाट ट्रेमध्ये ओतायचं आणि वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून एकदाच अलगद ओढायची, साय काढल्यासारखी. बुडबुडे कागदाला चिकटून येतात. ट्रे ठेवायची जागा पाणसळ लावून बघावी. गवंड्याकडची असते ती. फ्रिजमधली जाळी सपाट असते हा आपला भ्रम आहे.

अशी साधी प्लेट आठवडाभर टिकते, तीही फ्रिजमध्ये. मग कडेला बुरशीचे राखाडी ठिपके येतात, वास येतो. तिला टिकाऊ करायचं तर पाण्याचा जवळपास निम्मा भाग काढून ग्लिसरीन घालतात आणि जिलेटिनचं प्रमाण वाढवतात. ती बाहेर राहू शकते, महिनोन् महिने चालते, ओरखडे पडले की वितळवून पुन्हा ओतता येते. फक्त ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये तिला घाम फुटतो, वर रंग धरत नाही, रोलर घसरतो. आणि एप्रिल-मेमध्ये, टिकाऊ म्हणा की आणखी काही, ती दुपारी ट्रेच्या कोपऱ्यात ओघळून बसते. ग्लिसरीनने लवचीकपणा येतो, टिकाऊपणा येतो; मराठवाड्याच्या उन्हात उभं राहण्याचं बळ काही येत नाही. सांभाळताना तिला दोन गुळगुळीत प्लास्टिकच्या कागदांत दाबून, आडवी, वजन न ठेवता ठेवायची. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर मथळे तिच्यावर उतरतात. काही जणांना ते आवडतं.

रंगाचंही तसंच. सगळे ॲक्रिलिक सांगतात. इथल्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक पानं मांडेपर्यंत प्लेटवरच वाळतं. त्यात ग्लिसरीनचा थेंब टाकून दोन-तीन मिनिटं मिळवता येतात. त्यापेक्षा मला लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून मिळालेली ऑफसेटची तेलकट शाई जास्त भरवशाची वाटते. ती वाळत नाही, जिलेटिनमध्ये मुरत नाही आणि थोड्या गोडेतेलाने पुसली जाते. फक्त हाताला आठवडाभर लग्नसराईचा लाल रंग राहतो.

*

आपण काहीतरी नवीन करतोय असं या छंदाच्या जगात सगळ्यांना वाटतं. पण जिलेटिन आणि उष्मा यांचं भांडण आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं जुनं आहे.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर द्यायची पद्धत मांडली. पुढच्या दशकात ती जगभर गेली आणि निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्यासारखे लोकही कोरड्या जिलेटिन प्लेटांकडे वळले. परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात होती, आणि पुढे १९४८ पर्यंत राहिली. गरम पाण्यात धुताना काचेवरचा थर कडेने सुटायचा, झालर लावल्यासारखा चुण्या पडून वर यायचा. उष्ण देशांतल्या फोटोग्राफरांचा यावरचा उपाय आपल्या घराघरात होता: तुरटी. तुरटीच्या पाण्यात जिलेटिन घट्ट होतं. मी हिवाळी प्लेटच्या वरून तुरटीच्या पाण्याचा बोळा फिरवून पाहिला आहे. वरची कातडी थोडी चिवट होते, वारंवार पुसूनही फाटत नाही. आतला गर तसाच राहतो. आणि छाप किंचित बोथट येतो, कारण प्लेटचं लवणं कमी होतं.

पुढचं उदाहरण तर मराठी घरातलंच आहे. सिनेमाची फिल्म म्हणजे पट्टीवर दिलेला जिलेटिनचा थर. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' तयार होत होता तेव्हा दादरच्या घरात त्या कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं, रसायनं कालवायचं, फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि वर युनिटमधल्या माणसांचा स्वयंपाकही. दादासाहेब स्वतः सिनेमाआधी छपाईतले, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाचं काम केलेले. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे, पुरस्कार आहे. मुंबईच्या दमट हवेत जिलेटिनला सांभाळण्याचं काम ज्या हातांनी केलं त्यांच्याबद्दल एक-दोन परिच्छेद. सांभाळणं या कामाकडे कलेची समीक्षा असंच बघत आली आहे, आणि रीलमधून ढवळणं-गाळणं कापून टाकणं हा त्याच सवयीचा आजचा अवतार आहे असं मला वाटतं.

ग्लिसरीनवाली जी 'टिकाऊ' प्लेट इंटरनेटवर नवा शोध म्हणून फिरते, ती तर एकोणिसाव्या शतकातल्या हेक्टोग्राफची गादी आहे. घटकही तेच. जांभळ्या शाईने कागदावर लिहायचं, तो कागद जेलीवर दाबायचा, जेली शाई पिऊन घेते, मग एकेक कोरा कागद टेकवत प्रती काढायच्या. नावात शंभर आहेत, प्रत्यक्षात पन्नासेक झाल्या की अक्षरं फिकी पडत. पुढे दोन दिवस ठेवली की शाई तळाला मुरते आणि गादी पुन्हा वापरता येते. लेनिनचं १८९४ मधलं एक सुरुवातीचं पुस्तक असं गुपचूप निघालं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कैदेत असलेल्या ब्रिटिश सैनिकांनी रेड क्रॉसच्या पार्सलमधल्या खायच्या जेलीवर पळून जाण्याचे नकाशे छापले. आणि १९१४ मध्ये क्रुचोनिख व ख्लेबनिकोव या रशियन कवींचं 'ते ली ले' हे पुस्तक हेक्टोग्राफवर निघालं. त्यात ओल्गा रोझानोवाने हातानं लिहिलेली अक्षरंच रंगीबेरंगी चित्रं होऊन पसरलेली आहेत. आपल्याकडे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइलवर. ते यंत्र स्टेन्सिलचं, जिलेटिनचं नाही, पण ओढ तीच: छापखान्याची परवानगी न घेता छापायचं.

गादी तीच, पण हेतू पार बदलला, हे मला फार रोचक वाटतं. तेव्हा जिलेटिनकडून प्रती हव्या होत्या आणि प्रत्येक प्रतीगणिक फिकं होणं हा दोष होता. आज त्याच जेलीकडून एकच छाप हवा आहे आणि फिकं होणं हे सौंदर्य आहे. मराठीत 'छापील' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, छापील उत्तर, छापील हसू. जिलेटिनवरचा छाप छापील नसतो. तोच रंग, तेच पान, तोच हात असला तरी दुसरा तसा येत नाही. दिवसभर जिचं काम म्हणजे एकच कोड हजार ठिकाणी हुबेहूब चालवणं, तिला याचं अप्रूप वाटणारच.

*

आता घरातला प्रश्न. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढलेलं प्रथिन. भारतात ते मुख्यतः हाडांपासून बनतं. माळकरी घरात हे फ्रिजमध्ये दह्याशेजारी कसं ठेवायचं? इथे रील गप्प असतं, कारण तिथे हा प्रश्नच नाही. आमच्याकडे तो पहिल्या दिवशी आला. मी कॅप्सूलचा मुद्दा काढला. आई म्हणाली, "औषधाचं वेगळं असतं बाई, ते पोटात जातं, फ्रिजात बसत नाही." यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. वरच्या खोलीत वेगळं पातेलं, वेगळी हॉटप्लेट, वेगळा छोटा फ्रिज, अशी वाटणी झाली. हे परवडतं कारण मला पगार आहे.

हाडाचा प्रश्न फक्त सोवळ्याचाही नाही. मेलेलं जनावर ओढणं, सोलणं, हाडं गोळा करणं हे काम या भागात कुणाच्या माथी मारलं गेलं आणि आंबेडकरांच्या हाकेनंतर ते कुणी ठामपणे टाकलं, हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागू नये. ते पांढरं दाणेदार चूर्ण ऑनलाइन मागवलं की हा सगळा इतिहास पाकिटाबाहेर राहतो. जिलेटिन स्वतः मात्र विसरत नाही. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने शोधून काढलं की काही जिलेटिनमुळे फिल्म जास्त संवेदनशील होते ती गंधकाच्या सूक्ष्म अंशामुळे, आणि तो अंश येतो जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय झाडपाल्यातून.

'मग चायना ग्रास वापर', हा सल्ला लगेच मिळतो. किराणा दुकानात हिरव्या ठिपक्याची जेली मिळते तिच्यात जिलेटिन नसतंच, असलंच काहीतरी शेवाळजन्य असतं. चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्री शेवाळातलं. परभणीसाठी ते कागदावर तरी आदर्श आहे: खोलीच्या तापमानाला गोठतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. मे महिन्यातही ते हूं की चूं करत नाही. पण त्याचा स्वभाव वेगळा. ते लवत नाही, तुटतं. वाकवलं की खडीसाखरेसारखं मोडतं, कापल्या कडेतून पाणी सोडत राहतं, त्यामुळे रंग कडेला पांगतो. ग्लिसरीनने थोडं मऊ होतं. त्यावरचा छाप रवाळ येतो, शिरा पूर्ण येत नाहीत, जुन्या भिंतीवरच्या गिलाव्यासारखा पोत मिळतो. मला तो पोत आवडतो. फक्त 'अगदी जिलेटिनसारखंच' असं सांगणारे लोक छाप नीट बघत नाहीत. अगरला जिलेटिनचा गरीब भाऊ मानून वापरलं तर निराशाच होते. गिलाव्यासारखी चित्रं हवी असतील तर ते पहिल्या पसंतीचं आहे.

तिसरा पर्याय विकतचा. २०११ पासून अमेरिकेतल्या जेली आर्ट्सने तेलावर आधारलेली कृत्रिम प्लेट बाजारात आणली. ती वितळत नाही, कुजत नाही, शाकाहारी आहे, फ्रिज लागत नाही. परभणीच्या दृष्टीने खरं तर हिचाच सत्कार करायला हवा. तरी माझी तक्रार आहे, आणि ती चवीची आहे. त्या प्लेटचा छाप बाराही महिने सारखाच येतो. तिला हवामान नाही. घरच्या प्लेटवर जानेवारीत सकाळी सातला काढलेला छाप आणि त्याच दिवशी दुपारी दोनला काढलेला छाप शेजारी ठेवा. सकाळचा कोरल्यासारखा, दुपारच्याच्या कडा किंचित पाघळलेल्या, पानाभोवती रंगाचं पातळ वलय, जणू पान ओल्या मातीवर पडलंय. मला दुपारचा जास्त आवडतो. फोनवर बघताना अर्थात दोन्ही सारखेच दिसतात, आणि गोची तिथेच आहे. विकतच्या प्लेटवर आणि रीलसाठी केलेली चित्रं एकमेकांसारखी होत चालली आहेत: फर्न, लेस, मासिकातला चेहरा, वरून सोनेरी रंग. सगळं लक्ष सोलण्याच्या त्या चार सेकंदांवर. जादूचा प्रयोग म्हणून छान, पण रुमालातून कबुतर निघाल्यावर कबुतराकडे कोण बघतं?

पानंसुद्धा तीच का असावीत? इथल्या पानांकडे बघितलं की माध्यमच बदलतं. पपईचं ताजं पान दिसायला अप्रतिम, पण त्याच्या चिकात पपेन असतं आणि ते प्रथिनं पचवतं, म्हणजे प्लेटच. मी मुद्दाम ठेवून पाहिलं: देठाच्या जागी खळगा पडतो आणि पुढच्या प्रत्येक छापात तो डागासारखा येत राहतो, झाडाची सही असावी तसा. रुई आणि उंबराच्या चिकातही असलेच पाचक असतात. पऱ्हाटीचं पान सज्जन आहे, खालच्या बाजूची लव रंग छान धरते. आणि वहीत वर्षानुवर्षं ठेवलेलं जाळीदार पिंपळपान! त्यात चीक उरलेला नसतो, गर उरलेला नसतो, नुसता नकाशा. मराठी कवितेने त्याचा इतका वापर केलाय की आता ते वापरायला हिंमत लागते. उरल्या ठशात ते तरीही जिंकतं.

उरला ठसा गांभीर्याने घेणारा मोठा माणूस म्हणजे देगा. तो एकाच प्लेटवरून दुसरा, फिकट छाप काढायचा आणि त्यावर पेस्टल चढवायचा. पुसट आकृती हा त्याचा कच्चा माल होता. पण मला जास्त जवळचे वाटतात ते नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, जे.जे.त शिकलेले वासुदेव गायतोंडे. त्यांच्याबद्दल मराठीत लिहिताना लोक लगेच मौन, ध्यान, शून्य वगैरेंकडे वळतात. मला त्यांच्या हातातला रोलर दिसतो, आणि फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलणं दिसतं. म्हणजे रंग लावण्याइतकंच रंग काढून घेणं. त्यांच्या कॅनव्हासवरचे ते तरंगते, अर्धवट लिपीसारखे आकार हे बऱ्याच अंशी उरले ठसेच आहेत. ध्यान असेल, नाही असं नाही, पण त्याआधी उचलण्याचं कसब आहे. जिलेटिन प्लेटवर महिनाभर काम केल्यावर गायतोंडे वेगळे दिसायला लागतात, हा या छंदाचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. तो रीलमध्ये सांगत नाहीत.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्हाला लहानपणापासून ऐकवली जाते. माझ्या प्लेटचं वेळापत्रक तसंच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिलेटिन, चांगली बनते. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अगर. पावसाळ्यात काहीच नाही, तेव्हा फक्त काढलेले छाप निवडायचे. निम्म्याहून जास्त बाद होतात. जे उरतात त्यांच्यामागे मी तारखेसोबत खोलीचं तापमान लिहिते. सध्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरचा आहे तो २७ अंशांचा, एरंडाच्या पानाचा.

फेब्रुवारी संपत आला की साध्या, बिनग्लिसरीनच्या प्लेटचं वाळवण घालते. सुरीने पातळ पट्ट्या कापून ताणलेल्या मच्छरदाणीवर पसरायच्या, उन्हात अजिबात नाही, रात्री पंख्याखाली. तेव्हाची हवा इतकी कोरडी असते की दोन-तीन रात्रींत त्या पापडासारख्या कडक होतात. खाली गच्चीवर त्याच सुमारास कुरडया पडलेल्या असतात, त्यांच्यात आणि माझ्या वाळवणात जिन्याचं अंतर राखलेलं. मग बरणीत भरून ठेवायच्या. नोव्हेंबरमध्ये भिजवल्या की पुन्हा फुगतात. थोडं बळ गेलेलं असतं म्हणून थोडं नवं चूर्ण घालावं लागतं. कितीही गाळलं तरी आदल्या हिवाळ्याचा रंग त्यात राहतोच. या वर्षीची बरणी चहाच्या रंगाची झाली आहे.